जीआयएसवरून पाणीवितरण जाळ्याचे मॉडेल

पाणीपुरवठा योजनेतील जलवाहिन्या, टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) नकाशावरून दाब व प्रवाहाचे गणित करता येईल असे संगणकीय मॉडेल उभे करण्याची पद्धत. नवी टाकी कुठे बांधावी, कोणती वाहिनी बदलावी, टोकाच्या वस्तीत पाणी का चढत नाही, असे प्रश्न या मॉडेलला विचारले जातात. मॉडेलच्या लेखी जाळ्यात दोनच गोष्टी असतात : नोड, म्हणजे वाहिन्यांचे जोड, टाक्या व उद्भव, आणि दोन नोडांना सांधणारे दुवे, म्हणजे पाइप, पंप व नियंत्रक व्हॉल्व्ह. नोडची उंची व मागणी आणि पाइपची लांबी, व्यास व खडबडीतपणा दिला की उरते ते गणित.

हे गणित जुने आहे. इलिनॉय विद्यापीठातील हार्डी क्रॉस यांनी १९३६ साली बंद वळशांच्या जाळ्यातील प्रवाह टप्प्याटप्प्याने दुरुस्त करत नेण्याची रीत मांडली. १९८०च्या दशकात टोडिनी आणि पिलाती यांनी सगळी समीकरणे एकत्र सोडवणारी ग्रेडियंट पद्धत दिली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत लुइस रॉसमन यांनी विकसित केलेल्या ‘ईपीएनेट’ या मोफत प्रणालीचा गाभा हीच पद्धत आहे. ईपीएनेट १९९३ मध्ये आले आणि त्याची दुसरी आवृत्ती २००० मध्ये. त्याला लागणारी सगळी माहिती साध्या मजकूर फाइलमध्ये मावते, त्यामुळे जीआयएसच्या कोष्टकांतून ती फाइल लिहून काढता येते. हजारो पाइपांचे जाळे साधा लॅपटॉपही काही सेकंदांत सोडवतो. वेळ लागतो तो त्याच्या आधीच्या कामाला.

नकाशा पाहणाऱ्याला वाहिनी कुठून जाते एवढे कळले तरी पुरते; मॉडेलला कोणती वाहिनी कोणाला जोडली आहे हे कळावे लागते. पडद्यावर दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसतात आणि जवळ जाऊन पाहिले तर मध्ये वीतभर फट असते. गणितात त्या फटीपलीकडची सगळी वस्ती कोरडी राहते. उलटही घडते. चौकात दोन वाहिन्या एकमेकींवरून जातात, प्रत्यक्षात त्यांचा संबंध नसतो, पण छेदनबिंदूवर आपोआप नोड घालणारी आज्ञा त्यांना जोडून टाकते. जवळची टोके चिकटवण्यासाठी ठरावीक अंतराची मर्यादा देतात. ती फार सैल ठेवली तर एकाच रस्त्याखालून शेजारी शेजारी जाणारी जुनी बिडाची वाहिनी आणि नवी डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट लोखंडाची) वाहिनी एक होऊन जातात. म्हणून अशी दुरुस्ती पूर्णपणे आज्ञावलीवर सोपवू नये. चौकांची यादी काढून ती एकेक तपासणे कंटाळवाणे असले तरी स्वस्त पडते.

व्हॉल्व्हचा प्रश्न वेगळा. जीआयएसमध्ये तो एक बिंदू असतो, तर ईपीएनेटमध्ये दाबनियंत्रक व्हॉल्व्ह हा दोन नोडांमधला दुवा असतो आणि तो टाकीला थेट जोडता येत नाही. त्यामुळे बिंदूच्या जागी पाइप तोडून दोन नोड आणि एक दुवा घालावा लागतो. वाहिनी नुसती उघडणारा किंवा बंद करणारा साधा स्लुइस व्हॉल्व्ह बहुधा पाइपच्या ‘उघडा’ किंवा ‘बंद’ या नोंदीनेच दाखवतात.

लांबी आपोआप मिळते, पण नकाशा अक्षांश-रेखांशात असेल तर ती अंशांत येते आणि किलोमीटरभर वाहिनीची लांबी शून्य पूर्णांक काहीतरी निघते. त्यासाठी नकाशा आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणात न्यावा लागतो. महाराष्ट्राचा बहुतेक भाग यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतो. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडचे वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया मात्र ४४ व्या पट्ट्यात. पुण्याच्या कार्यालयातला साचा विदर्भातील योजनेला जसाच्या तसा लावला की घोळ होतो.

व्यासाच्या रकान्यात त्याहून महाग चूक दडलेली असते. डीआय पाइपचा आकडा साधारण आतल्या व्यासाचा असतो, तर एचडीपीई आणि पीव्हीसी हे प्लास्टिकचे पाइप बाहेरच्या व्यासाने ओळखले जातात. १० किलो दाबाच्या पीई-१०० प्रकारातील ११० मिमी एचडीपीई पाइपची भिंत ६.६ मिमी जाडीची असते, म्हणजे आतला व्यास ९६.८ मिमी. पाइपमधील दाबाची घट काढण्याच्या हेझन-विल्यम्स सूत्रात घर्षणामुळे होणारी दाबाची घट व्यासाच्या ४.८७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. मॉडेलमध्ये ११० लिहिले तर खरी घट दाखवलेल्या घटीच्या जवळजवळ १.८६ पट असते. कागदावर चढलेले पाणी गावात चढत नाही, त्याचे कारण कधी कधी एवढेच असते.

नोडच्या उंचीसाठी एसआरटीएम (अवकाशयानातून केलेली रडार मोजणी) किंवा इस्रोच्या कार्टोसॅट उपग्रहावरून केलेल्या कार्टोडेमसारखी फुकट उंची-प्रतिमाने (जमिनीच्या उंचीचे डिजिटल नकाशे) वापरण्याचा मोह होतो. अवकाशातून फेब्रुवारी २००० मध्ये मोजलेल्या एसआरटीएममध्ये झाडांचे शेंडे आणि छपरे यांचीही उंची मिसळलेली आहे आणि चूक काही मीटरची असू शकते. पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर दाब (म्हणजे ७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा) धरला होता. दाबाच्या मर्यादेएवढीच चूक उंचीत असेल तर उत्तराला अर्थ उरत नाही. प्राथमिक आराखड्यापुरती ती प्रतिमाने ठीक. अंतिम मॉडेलला लेव्हल घेतलेली जमीनपातळीच लागते.

मागणी नोडांवर वाटण्याचे अनेक मार्ग आहेत. नोडांभोवती थिसेन बहुभुज, म्हणजे प्रत्येक नोडला सर्वांत जवळ असलेला भाग, आखून त्यातील लोकसंख्या मोजता येते. ग्राहकांच्या मीटरची ठिकाणे उपलब्ध असतील तर प्रत्येक नळजोडणी जवळच्या वाहिनीला लावून तिचा खप त्या वाहिनीच्या टोकांवर टाकणे जास्त खरे. जल जीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. ३,००० वस्तीच्या गावाला त्या हिशेबाने १,६५,००० लिटर लागतात, म्हणजे चोवीस तासांवर पसरल्यास सेकंदाला १.९ लिटर. पण पाणी दिवसातून दोनच तास सुटत असेल तर तेवढ्या वेळात ते पोचवायला सेकंदाला २२.९ लिटर, म्हणजे बारापट प्रवाह लागतो. लहान गावांसाठी सरासरीच्या तिप्पट धरण्याचा जो प्रघात आहे, तो इथे तोकडा पडतो.

आपल्याकडच्या मॉडेलांची खरी अडचण इथेच आहे. ईपीएनेटची पारंपरिक मांडणी असे मानते की वाहिन्या कायम भरलेल्या आहेत आणि ठरलेले पाणी प्रत्येक नोडवर घेतले जातेच. पाणी कमी पडले तर दाब ऋण दाखवला जातो, प्रत्यक्षात मात्र टोकाच्या नळाला फक्त हवा येते. २०२० च्या २.२ आवृत्तीत दाबानुसार मागणी कमी करण्याची सोय झाली, पण रिकामी वाहिनी भरत जाण्याचा पहिला अर्धा तास त्यातही नीट पकडता येत नाही. मीटर नसलेल्या नळाला लोक पाणी येईल तेवढे भरून घेतात आणि काही जण थेट वाहिनीला मोटार लावतात. असे वर्तन नकाशाच्या कोणत्याही थरात नसते. याउलट कराडजवळचे मलकापूर चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून ओळखले गेले. तिथल्यासारखी वाहिनी सतत भरलेली असली की मॉडेलची गृहीतके वस्तुस्थितीच्या बरीच जवळ येतात.

मॉडेल खरे आहे का, हे मोजून ठरवतात. टाकीच्या तोंडाशी प्रवाहमापक, मोजक्या ठिकाणी दाबमापक, आणि मग जुन्या पाइपांचा हेझन-विल्यम्स गुणांक (तो जितका कमी तितका पाइप खडबडीत) बदलत मोजलेले व गणिताने आलेले आकडे जुळवणे. अस्तर दिलेल्या नव्या डीआय पाइपला हा गुणांक १४० च्या आसपास धरतात. जुन्या बिडाच्या पाइपला १०० किंवा त्याहून कमी. पण एखाद्या भागात आकडे जुळण्यासाठी गुणांक ४० वर आणावा लागत असेल तर दोष बहुधा खडबडीतपणाचा नसतो. कुठेतरी अर्धवट बंद राहिलेला, डांबराखाली गाडला गेलेला व्हॉल्व्ह असतो. तो नकाशात सापडत नाही, पाणी सोडणाऱ्या माणसाला ठाऊक असतो. सर्वेक्षणाच्या पहिल्या दिवसापासून व्हॉल्व्हमनला बरोबर घेणे हा खर्च नव्हे, बचत आहे. मुंबईत ज्यांना चावीवाले म्हणतात, त्यांच्या फेऱ्यांचे वेळापत्रक म्हणजेच त्या जाळ्याचे चालन-नियम असतात आणि ते मॉडेलमध्ये वेळेनुसार उघडझाप म्हणून घालता येतात.

साधनांची टंचाई नाही. क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत काम करणारी क्यूजीआयएसरेड आणि गिसवॉटर ही स्पेनमध्ये घडलेली साधने थेट ईपीएनेटशी बोलतात. आयआयटी मुंबईत तयार झालेली ‘जलतंत्र’ ही प्रणाली शाखायुक्त ग्रामीण जाळ्यांसाठी कमीत कमी खर्चाचे व्यास सुचवते. साधन कोणतेही निवडले तरी जीआयएसमधील प्रत्येक पाइपचा ओळखक्रमांक मॉडेलमध्ये तोच ठेवावा. क्रमांक बदलले की सहा महिन्यांनी टाकलेली नवी वाहिनी मॉडेलमध्ये आणण्यासाठी सगळी जुळणी पहिल्यापासून करावी लागते, आणि बहुतेक ठिकाणी मग ती कोणी करत नाही.