होल्स्टरचं लॉक आणि आपली तर्जनी

निवडणूक जाहीर झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि निकालानंतर ती परत मिळाली की आमच्याकडे त्यांच्यावरच गप्पा रंगतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर गावातच, त्यामुळे माजी सैनिकांना इथे तोटा नाही. त्यांतल्याच एका निवृत्त सुभेदारांनी परवा ऑनलाइन मागवलेलं काळं प्लॅस्टिकचं होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायचं म्यान, दाखवलं. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासलं, मग पिस्तूल होल्स्टरमध्ये खटकन बसवलं. "ओढा सर. लावा किती ताकद लावायची ती." ओढलं. पट्ट्यासकट सुभेदार हलले, पिस्तूल जागचं हललं नाही. "लेव्हल टू आहे. जेवढी लॉकं जास्त तेवढं सेफ. सोपं आहे की!"

इतकं सोपं नाही. लॉकमुळे दुसऱ्याच्या हातापासून संरक्षण मिळतं हे खरं. पण ते लॉक उघडायचं कुठल्या बोटाने, यावर आपल्याच मांडीची खुशाली अवलंबून असते. जाहिरातीत लेव्हलचा आकडा ठळक असतो, बोटाबद्दल मात्र एक अक्षर नसतं.

पिस्तूल कमरेला उघडं लावणाऱ्या पोलिसाला मोठी भीती असते ती झटापटीत ते हिसकावलं जाण्याची. आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे लॅनयार्ड, मुठीच्या तळाच्या कडीपासून खांद्यापर्यंत गेलेली दोरी. अमेरिकेत १९७० च्या दशकात एफबीआयचे माजी एजंट बिल रॉजर्स होल्स्टर बनवू लागले आणि त्यांनी एक कसोटी ठरवली. पिस्तूल लॉक करून ठेवायचं आणि दुसऱ्याने मूठ धरून पाच सेकंद, वाटेल त्या दिशेने, जीव खाऊन ओढायचं. पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि होल्स्टर माणसाच्या अंगावर राहिलं तर लेव्हल वन. मग पहिलं लॉक उघडून पुन्हा तीच ओढाताण, त्यातही टिकलं तर लेव्हल टू, आणि असंच पुढे. म्हणजे मुळात हा आकडा ओढाताणीच्या परीक्षेचा आहे. हल्ली काही विक्रेते नुसती लॉकं मोजतात, पिस्तूल घट्ट धरणारा स्क्रूही त्यात धरतात, आणि वर 'मिलिटरी ग्रेड' असं छापतात. कुठल्या मिलिटरीचं, ते विचारू नये.

लॉक उघडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत अंगठा खटका दाबतो किंवा पट्टी मागे सारतो. दुसरीत होल्स्टरच्या बाहेरच्या बाजूला बटण असतं आणि ते तर्जनीने दाबायचं. दुसरी पद्धत कागदावर सुंदर दिसते. बोट सरळ ठेवून बटण दाबलं की पिस्तूल वर येताना तर्जनी आपोआप ट्रिगरच्या वर, पिस्तुलाच्या अंगालगत सरळ राहते, आणि शिकवण तीच असते. तरीही २०११ मध्ये एका अमेरिकी नेमबाजाने असंच बटण असलेल्या होल्स्टरमधून पिस्तूल काढताना कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मांडीत गोळी मारून घेतली. तो वाचला, व्हिडिओ जगभर पाहिला गेला, आणि अनेक शूटिंग स्कूलनी तर्जनीच्या बटणाची होल्स्टरं वर्गात आणायला बंदी केली. 'सराव नव्हता, दुसरं काय' असं म्हणून बरेच जण विषय संपवतात. मला मात्र इथेच खरी मजा वाटते, कारण यात शाळेतलं भौतिकशास्त्र आणि हाताची शरीररचना दोन्ही एकदम कामाला लागतात.

आधी हात. पाण्याची बाटली मुठीत धरा आणि तर्जनी सरळ बाहेर ठेवा. आता उरलेल्या तीन बोटांनी बाटली हळूहळू आवळत जा आणि दुसऱ्या हाताचं बोट तर्जनीच्या टोकाखाली धरा. पकड वाढेल तशी तर्जनी खाली ओढ घेताना जाणवेल. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपराखाली, बाहूत असतात. तिथून निघालेल्या कंडरा मनगटाच्या बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. बोटाचं टोक वाकवणाऱ्या स्नायूचं नाव फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस. त्यात मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात, तर तर्जनीचा पदर बऱ्यापैकी वेगळा असतो. म्हणून तर आपण एका बोटाने दिशा दाखवू शकतो. पण हे स्वातंत्र्य पुरतं नाही. मेंदूकडून 'आवळ' असा हुकूम निघाला की तो थोडासा शेजारच्या बोटाकडेही सांडतो. एका बोटाने जोर लावला की बाकीची नकळत ओढली जातात, आणि हे प्रयोगशाळेत नीट मोजलं गेलेलं आहे.

याहून बारीक गोष्ट पुढे आहे. तर्जनी सरळ ठेवून फक्त मुळाच्या सांध्यात वाकवायची असेल तर ते काम तळहातातले छोटे स्नायू करतात, लुंब्रिकल आणि इंटरॉसियस. त्यांची खुबी अशी की ते बोट मुळाशी वाकवतात आणि पुढचे दोन्ही सांधे सरळ ठेवतात. हे नाजूक कामाचे कारागीर आहेत, हमालीचे नाहीत. जोर जास्त लागला की बाहूतले मोठे स्नायू पुढे सरसावतात, आणि त्यांना एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे बोट आकड्यासारखं वाकवणं. बटण बोटाच्या सपाट पेराने दाबायचं ठरलेलं असतं, पण घाबरलेला माणूस ते वाकलेल्या टोकाने दाबतो. वाकलेल्या बोटाचं टोक आत वळतं आणि आत, होल्स्टरच्या भिंतीपलीकडे, ट्रिगर असतो.

आता जोराचा हिशेब. ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यात, अडकलेली लॉकची जीभ बटण दाबल्यावर बाजूला सरकते. माणूस घाईत आधी पिस्तूल वर उपसतो आणि मग बटण दाबतो. बाहेरून कुणी दार ढकलत असेल तर आतली कडी सरकत नाही, तसंच इथे होतं. वर ओढण्याचा सगळा जोर त्या जिभेवर येतो आणि घर्षण वाढतं. समजा, ओढ १५ किलोची आहे आणि घर्षणांक ०.३ आहे. दोहोंचा गुणाकार ४.५ किलो. म्हणजे स्प्रिंगचा विचार सोडला तरी जीभ हलवायला बोटाने सुमारे साडेचार किलो जोर लावायला हवा. आधुनिक पिस्तुलाचा ट्रिगर साधारण अडीच किलोत ओढला जातो. थोडक्यात, लॉक सुटतं त्या क्षणी बोट ट्रिगरला लागणाऱ्या जोराच्या जवळजवळ दुप्पट जोराने आत दाबत असतं. त्याच्या आणि ट्रिगरच्या मध्ये उरते ती फक्त प्लॅस्टिकची भिंत.

आणि ती भिंतही खाली राहून जाते, कारण पिस्तूल वर निघालेलं असतं. किती वेळात? १५ किलोची ओढ म्हणजे सुमारे १५० न्यूटन. पिस्तूल आणि हात यांचं मिळून हलणारं वस्तुमान तीन किलो धरलं तर त्वरण ५० मीटर प्रतिसेकंद वर्ग येतं. ट्रिगर होल्स्टरच्या तोंडाबाहेर यायला सहा सेंटीमीटर अंतर आहे असं माना. अंतर बरोबर त्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले दोन, हे नववीतलं सूत्र वापरलं की उत्तर येतं ०.०५ सेकंदाच्या आसपास. सेकंदाचा विसावा भाग. लॉक सुटल्याचं बोटाला जाणवून, ते कळून, बोट सैल सोडायला माणसाला त्याच्या तिप्पट तरी वेळ लागतो. आकडे माझे गृहीतकाचे आहेत, थोडे इकडेतिकडे करा, निष्कर्ष फारसा हलत नाही. दाबणारं बोट थांबायच्या आत भिंत संपलेली असते. सरावाने हे टळतं, कारण सरावलेला माणूस आधी बटण दाबतो आणि मग उपसतो. पण होल्स्टरचं लॉक असतं ते डोकं ठिकाणावर नसतानाच्या क्षणासाठी, आणि नेमका तेव्हाच हा क्रम उलटतो.

अंगठ्याच्या खटक्यातही कडी अडते, घर्षण तेवढंच असतं. फरक इतकाच की अंगठ्याचं ट्रिगरशी काही नातं नाही. तो कितीही जोरात दाबला तरी पिस्तुलाच्या दुसऱ्या अंगाला राहतो आणि तर्जनीला त्या वेळी काही कामच नसतं.

खंडेनवमीला आमच्या भागात शस्त्रांची पूजा होते. हळदकुंकू वाहावं, झेंडूचं फूल ठेवावं, माझी हरकत नाही. हरकत आहे ती लिंबू उतरवलं की वर्षभर अपघात होत नाही या भरवशाला, आणि भरलेलं पिस्तूल पाटावर मांडून मुलांना नमस्काराला बोलावण्याला. लिंबाला चेंबरमधली गोळी दिसत नाही. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांसाठी तर कायदाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जल्लोषात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात, झाकलेलीच न्यावी लागते. सिनेमातल्या नायकासारखी नुसती पँटमध्ये खोचून नाही.

पिस्तूल काढतानाच नव्हे, परत ठेवतानाही गोळी सुटते. जर्किनची दोरी, शर्टाचा सोगा, होल्स्टरचीच सुटलेली पट्टी ट्रिगर गार्डमध्ये शिरते, वरून हात पिस्तूल दाबतो आणि कापडच ट्रिगर ओढतं. ठेवायची घाई कधीच नसते, म्हणून खाली बघून, अंगरखा बाजूला धरून सावकाश ठेवावं. बटणाच्या फटीत आमची जांभ्याची तांबडी धूळ किंवा एखादा खडा गेला तर उलटाच प्रकार होतो, लॉक उघडतच नाही.

हे सगळं ऐकून सुभेदार म्हणाले, "मग आमचं जुनं चामड्याचंच बरं म्हणा की." चामड्याचं दुखणं निराळं. चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं. बाभळीच्या सालीतलं किंवा हिरड्यातलं टॅनिन ते तंतू एकमेकांशी बांधतं. असं कमावलेलं चामडं ओलं करून साच्यावर दाबलं आणि वाळवलं की तो आकार धरून ठेवतं. अथणी-निपाणीच्या चप्पल कारागिरांना हे नव्याने सांगायला नको. चामड्याचं होल्स्टरही असंच पिस्तुलाच्या आकारावर बसवतात. पण जे पाणी आकार देतं तेच आकार मोडतं. जुलैत कणकुंबी-जांबोटीकडे दोन दिवस फिरलं की होल्स्टर भिजतं, घामाने आणखी मऊ होतं, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच्या तोंडाची कड आत दुमडू लागते. पिस्तूल खाली दाबताना ती दुमड ट्रिगरवर येऊ शकते. भिजलेलं होल्स्टर चुलीजवळ किंवा हीटरसमोर वाळवलं तर कड आखडून वाकडी होते, म्हणून ते सावलीतच वाळवावं, आणि त्या वेळी पिस्तूल त्यात ठेवू नये, नाहीतर पिस्तुलाला गंज चढतो. सुभेदारांच्या जुन्या होल्स्टरची कड मी रिकाम्या स्थितीत अंगठ्याने दाबून पाहिली. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. एवढ्यावरच ते होल्स्टर बाद करावं, त्याला लेव्हल बघायची गरज नाही.