पेटीचे एकलवादन (बेळगाव सीमाभाग)

गायनाची साथ हा हेतू बाजूला ठेवून पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, स्वतंत्रपणे राग, धून किंवा नाट्यपद मांडण्याचा प्रकार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठी-कानडी पट्ट्यात रसिकांमध्ये ‘सर्वांत श्रेष्ठ वादन कोणते’ हा विषय निघाला, की सतार, सनई, बासरी यांच्या पंक्तीला पेटीही बसवली जाते. पेटी हे मुळात एकलवादनाचे वाद्य आहे की नाही, येथपासूनच हा वाद सुरू होतो. त्यामुळे तो समजून घेण्यासाठी वाद्याचा इतिहास थोडा विस्ताराने पाहावा लागतो.

मोकळ्या पातीवर हवा सोडून नाद काढण्याची कल्पना पूर्वेकडची, चीनमधील ‘शेंग’ या वाद्यातली. हार्मोनियमची घडण मात्र युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबेन यांनी या वाद्याचे एकस्व (पेटंट) १८४० मध्ये घेतले, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. काही ठिकाणी १८४२ हे साल आढळते. त्याआधी १८१० च्या सुमारास ग्रेनिए यांनी तशाच तत्त्वावर एक ऑर्गन बनवला होता. त्यामुळे ‘शोध’ हा शब्द डेबेन यांच्या बाबतीत जरा सैलपणेच वापरावा लागतो. पायाने भाता मारण्याऐवजी एका हाताने मारता येईल अशी बैठी पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी केली. तिचा काळ साधारणपणे १८७५ धरतात, पण ती पुढच्या दशकातली असावी असेही म्हटले जाते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकाची सोय या एका फरकाने झाली, आणि पुढचा सगळा इतिहास त्यातून निघाला.

बेळगावात पेटी कोणत्या वाटेने आली याविषयी दोन तर्क संभवतात. पहिला छावणी आणि मिशन यांचा. लंडन मिशनचे काम बेळगावात १८२० पासून होते, छावणीही जुनी. प्रार्थनेसाठी पायपेट्या तेथे आल्या असणार. दुसरा तर्क नाटक मंडळ्यांचा. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा (१८४३) आणि त्यांच्या उमेदवारीचा काही काळही बेळगावातच गेला. त्यांच्या शाकुंतलाचा पहिला प्रयोग १८८० मध्ये पुण्यात झाला. सुरुवातीच्या या रंगभूमीवर साथीला सारंगी होती. ऑर्गन आणि पेटी मागाहून आल्या व त्यांनी हळूहळू सारंगीची जागा घेतली. कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगाव, हुबळी हा कंपन्यांचा नेहमीचा मार्ग. वाद्य म्हणून पेटी मिशनमुळे आधी दिसली असेल; पण येथल्या वादकांच्या हातातली पदे, त्यांचे मुखडे आणि ताना पाहता वादनपद्धती नाटकाच्या पिटातूनच (रंगमंचासमोरील वादकांच्या जागेतूनच) आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पेटीवरील खरा आक्षेप स्वरांचा आहे. कारखान्यातून येणाऱ्या पेटीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक). षड्जाशी (सा) नैसर्गिकपणे मिळणारा शुद्ध गांधार (ग) ३८६ सेंटवर येतो, पेटीतला ४०० वर. म्हणजे तंबोरा नीट लागलेला असेल तर त्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार आणि पेटीचा गांधार यांत १४ सेंटांचे अंतर पडते. जाणत्या कानाला ते खुपते. कोमल गांधारात उलट प्रकार: नैसर्गिक ३१६, पेटीचा ३००. यावरचा सर्वांत गाजलेला उपाय याच परिसरातला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींचे (सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांचे) गणित मांडले, गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यावर ते पडताळले आणि ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने १९११ च्या सुमारास श्रुती-हार्मोनियम तयार करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठे वादंग झाले आणि ती मागे पडली. दोष गणितापेक्षा हाताळणीत असावा; इतक्या पट्ट्या सांभाळत द्रुत तान घेणे कोणालाही अवघडच. अलीकडे विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींच्या पेटीचा प्रयोग नव्याने केला आहे.

व्यवहारात वादकांनी वेगळीच तोड काढली. पेटी एका ठरलेल्या पट्टीला (मूळ स्वराच्या उंचीला), समजा काळी दोनला म्हणजे दुसऱ्या काळ्या पट्टीला, षड्ज धरून ‘गांधार ट्यूनिंग’मध्ये, म्हणजे त्या षड्जाशी नैसर्गिकपणे मिळणाऱ्या स्वरांत, लावून घ्यायची. कारागीर सुराची (पितळी पातीची) फळी बाहेर काढतो, पातीखाली पातळ पत्रा सरकवतो आणि कानस चालवतो. टोकाकडे घासले की स्वर चढतो, बुडाकडे घासले की उतरतो. दोन-तीन हात जास्त पडले तर सूर वाया जातो. अशी पेटी आपल्या पट्टीत गोड बोलते, मात्र दुसऱ्या पट्टीत बेसूर होते. एकलवादकाला हे परवडते, कारण त्याला गायकागणिक पट्टी बदलावी लागत नाही. साथीदाराला परवडत नाही. स्केलचेंजरनेही (पट्ट्यांची फळी सरकवून षड्ज बदलता येणाऱ्या पेटीनेही) हे कोडे पूर्ण सुटत नाही.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, हा दुसरा प्रश्न. पट्ट्यांच्या वाद्यात दोन स्वरांमधली जागा मोकळीच राहते. ती भरण्यासाठी कणस्वर (मुख्य स्वराला लगटून येणारा ओझरता स्वर), पट्टी अर्धवट दाबणे आणि भात्याचा दाब क्षणभर सैल करणे या युक्त्या वापरतात. भीमपलासात मध्यमावरून कोमल गांधारावर येताना मध्यमाचे बोट उचलण्याआधीच गांधार दाबायचा आणि भाता किंचित आवरायचा. मींड नसते, पण तिचा भास होतो. भास कितपत पटतो, यावरच वादकाची प्रतवारी ठरते.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली. १९७० मध्ये दिल्लीत या विषयावर चर्चासत्र झाले आणि त्यानंतर १९७१ च्या सुमारास साथीपुरती बंदी शिथिल झाली. एकलवादनाला दार बराच काळ बंदच राहिले. धारवाड (१९५०) आणि सांगली (१९६३) ही केंद्रे ऐकत वाढलेल्या बेळगावकर श्रोत्यांना त्यामुळे सतार-सरोद रेडिओवर मिळत गेले. पेटी ऐकायला बैठक किंवा तबकडी हाच मार्ग उरला. येथील पेटीप्रेमात थोडा हट्ट जाणवतो तो यामुळे असावा.

एकलवादनाला प्रतिष्ठा देणाऱ्यांत कोल्हापूरकडचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) अग्रणी. पुढे मधुकर पेडणेकर ऊर्फ पी. मधुकर यांच्या तबकड्या घरोघर गेल्या. बेळगावच्या परंपरेत विठ्ठलराव कोरगावकर हे जुने नाव. तिला शिस्तबद्ध शिक्षणाची जोड रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी दिली. कानडी लेखनात त्यांचे आडनाव ‘बिजापुरे’ असे येते. साथ, एकलवादन आणि अध्यापन या तिन्हींत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि मराठी व कानडी दोन्ही भाषांतले विद्यार्थी तयार केले. पेटीचे निस्सीम चाहते पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात मराठी शिकवत. गावाला त्याचा अभिमान आहे, मात्र परंपरा त्यांच्या आधीचीच.

श्रेष्ठत्वाच्या वादात ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. एका पक्षाला वाद्य गायले पाहिजे. मुखडा वाजताच पदाचे शब्द कानात उभे राहिले पाहिजेत, ही त्यांची कसोटी. ‘पेटी बोलली’ ही सर्वोच्च दाद. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व (१९२४), बेळगावात राहिलेले गायक रामकृष्णबुवा वझे, पलीकडे धारवाड आणि मिरज अशा गायकीने वेढलेल्या प्रदेशात ही कसोटी रुजली यात नवल नाही. दुसरा पक्ष म्हणतो, पदे वाजवली की सोलो झाला काय? शब्द आठवून मिळालेला आनंद शब्दांचा. वादनाचे श्रेय वेगळे मोजावे. आलाप, गत, लयकारी आणि ‘झाला’ (वादनाचा शेवटचा द्रुत भाग) यांवर तोलायचे तर सतार आणि सरोद पुढे जातात, आणि पेटीपुरते बोलायचे तर तबल्याबरोबरच्या लग्गी-लडीत (जलद बोलांच्या लडींत) बोटे किती स्वच्छ पडतात तेवढेच पाहावे लागते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे तर्काला धरून आहे. तरीही बैठकीत भैरवीला मान डोलते ती बहुधा पहिल्याच पक्षाच्या वादनाला.

तुलना एकाच मापाने होत नाही, ही अडचण दोन्ही बाजू विसरतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे ३ मिनिटांची. तिच्यात राग मांडायचा म्हणजे आलापाला कात्री लागणारच. दीर्घ तबकडीने २० मिनिटांच्या आसपास जागा दिली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची संतूर-बासरी-गिटारची १९६७ ची तबकडी किंवा बिस्मिल्ला खाँ यांची सनई यांची नावे या चर्चेत हमखास निघतात, ती याच सोयीमुळे टिकली. उलट पेटीचे उत्तम वादन पुष्कळसे बैठकीतच विरले. ज्यांनी ऐकले ते शपथेवर सांगतात, आणि न ऐकलेल्याला त्यावर बोलता येत नाही.

लोकवाद्यांचा या चर्चेत शिरकाव कमीच होतो. सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावरचे चौंडके (एकतारी लोकवाद्य), जत्रेतील हलगी आणि संबळ, लग्नातील सनई-चौघडा ही वाद्ये विधीशी बांधलेली असल्याने त्यांचे वादन ‘सोलो’ म्हणून कोणी मोजत नाही. वस्तुतः चौंडक्यात तारेचा ताण हाताने कमीजास्त करून स्वर हलवता येतो, जे पेटीला साधत नाही. बेळगावच्या शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील ब्रास बँडवर क्लॅरिनेटने नाट्यपदे वाजत असत.