झूम म्हणजे ट्रॉली नव्हे

कोकणातल्या पोरांनी केलेले भयपट आणि रहस्यपट मी आवर्जून बघतो. चिऱ्याचं जुनं घर, धो धो पाऊस, माजघरातला काळोख, परसातली विहीर, सगळं हाताशी असतं. तरीही नेमक्या भीतीच्या क्षणी शॉट पडतो. कारण बहुतेक वेळा एकच: ट्रॉली हवी होती तिथे झूम मारलेला असतो. विचारलं की उत्तर येतं, "दोन्हीत जवळच जायचं ना?" झूममध्ये कॅमेरा कुठेही जात नाही. हे इतक्यांदा सांगून झालंय, की आता एकदा नीट लिहूनच काढतो.

झूम सगळ्यांना माहीत आहे. फोनवर दोन बोटं फाकवली की झाला. ट्रॉली म्हणजे कॅमेराच पुढे किंवा मागे नेणं, मग तो रुळांवरून न्या, गिंबलवर (कॅमेऱ्याचे हिसके शोषून घेणाऱ्या हातातल्या दांडीवर) न्या, नाहीतर हातात धरून चालत जा. ट्रॉलीला माणसं लागतात, वेळ लागतो, झूम फुकट होतो, वगैरे फरक खरे आहेत, पण किरकोळ.

घोळ होतो तो पुढच्या गोष्टीत. ओटीवर आजी बसली आहे. कॅमेरा तिच्यापासून ८ फुटांवर आणि तिच्या पाठीमागे आणखी ८ फुटांवर माजघराचं अर्धवट उघडं दार. आता दुप्पट झूम करा. आजी दुप्पट मोठी होते, दारही दुप्पट मोठं होतं, आणि दाराचा बराचसा भाग चित्राच्या चौकटीबाहेर जातो. आधीच्याच चित्राचा मधला तुकडा मोठा करून दाखवल्यासारखं हे झालं. त्याऐवजी कॅमेरा ४ फूट पुढे न्या. आजीचं अंतर ८ वरून ४ झालं, म्हणून ती दुप्पट मोठी दिसते. दाराचं अंतर मात्र १६ वरून १२ वर आलं, म्हणून ते फक्त सव्वापटीच्या थोडं वर वाढतं. आजी दोन्ही शॉटमध्ये तेवढीच. पण ट्रॉलीत तिच्या मागचा खोलपणा शाबूत राहतो, दार लांबच राहतं, आणि त्या फटीतला काळोख प्रेक्षकाला दिसत राहतो.

सस्पेन्स त्या फटीत आहे. आजीचा चेहरा बघता बघता प्रेक्षकाची नजर मागे जाते, तिथे काही हललं का ते शोधते, परत चेहऱ्यावर येते. झूमने ती शोधायची जागाच कापून टाकली, तर प्रेक्षक घाबरणार कशाला?

"लांबची लेन्स (म्हणजे दूरचं मोठं करून दाखवणारी) पार्श्वभूमी पुढे ओढते" हे वाक्य कार्यशाळांमध्येही ऐकू येतं आणि मला ते अजिबात आवडत नाही. लेन्स काही ओढत नाही. जवळच्या-लांबच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते कॅमेरा कुठे उभा आहे त्यावरून. एकाच जागेवरून वाईड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने काढलेल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा करा, प्रमाण लांबच्या लेन्ससारखंच मिळेल, फक्त चित्र भुरकट होईल.

पटत नसेल तर दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत पुढे उभे राहा. काठावरची झाडं भराभर वाढतात, मागचा डोंगर जवळपास तसाच राहतो. पोफळीच्या बागेतून चाललात तर जवळचे सोट झपकन बाजूला सरतात, लांबचे सावकाश, आणि एकामागे दडलेलं दुसरं अचानक उघडं पडतं. खोडाआड कुणी उभं असेल तर ते याच सरकण्यातून दिसेल. झूममध्ये एकही पोफळ दुसरीआडून बाहेर येणार नाही, कितीही झूम करा.

दिग्दर्शक हिचकॉकच्या १९५८ सालच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटात उंचीची भीती दाखवायला ट्रॉली एका दिशेला आणि झूम बरोबर उलट्या दिशेला, असं एकाच वेळी केलं होतं. मनोऱ्याच्या जिन्याचा तो शॉट प्रत्यक्षात आडव्या ठेवलेल्या छोट्या प्रतिकृतीवर घेतला होता. झूम आणि ट्रॉली एकच असते, तर दोन्हींनी एकमेकांना खोडलं असतं आणि पडद्यावर काहीच हललं नसतं. पण तिथे जिन्याची खोली डोळ्यांदेखत ताणली जाते.

झूमला माझा सरसकट विरोध नाही. डोंगरावरून कुणीतरी जेटीवरच्या बाईवर पाळत ठेवून आहे, असं दाखवायचं असेल तर झूमच घ्या. जागेवरून न हलता रोखून बघणारी नजर त्यातून छान उभी राहते. ट्रॉली घेतलीत तर प्रेक्षक त्या बाईकडे चालत निघाल्यासारखा होईल, आणि पाळतीची भावना जाईल. फोनने करत असाल तर मधेच लेन्स बदलून रंग उडी मारत नाही ना, ते आधी तपासा.

बाकी घरातल्या, बागेतल्या, विहिरीकाठच्या भीतीसाठी चालत जा. सारवलेल्या खळ्यात चाकं थडथडतात, तिथे गुडघे किंचित वाकवून पावलं टाका. ओटीला गुळगुळीत लादी असेल तर चाकाच्या खुर्चीत कॅमेरावाल्याला बसवा आणि मागून दुसऱ्याने ढकला, इतकं हळू की कॅमेरा हलतोय हे प्रेक्षकाला आजी मोठी दिसायला लागल्यावरच कळावं.