१ ऑगस्ट : एक तारीख, दोन तसबिरी

१ ऑगस्टला महाराष्ट्रातल्या शाळांत दोन तसबिरींना हार घालतात. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती. मुलांच्या भाषणांत शेंगांची टरफलं येतात, दीड दिवसाची शाळा येते. मात्र या दोघांची नुसती तारीखच नव्हे, वर्षही एकच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

१९२० च्या ३१ जुलैला रात्र उलटली आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात टिळकांनी प्राण सोडला. पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत गांधीजी होते. असहकार आंदोलनाचा मुहूर्त आधीपासूनच १ ऑगस्टचा ठरला होता. त्याच दिवशी त्यांनी कैसर-ए-हिंद पदक सरकारला परत केलं. भरपावसात लाखोंच्या साक्षीने गिरगाव चौपाटीवर टिळकांना अग्नी दिला गेला. आणि त्याच तारखेला वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग वस्तीत, तुकाराम भाऊराव साठे जन्मले. तेच पुढे अण्णा भाऊ.

या दोघांना जोडणारा खरा धागा मात्र मुंबईच्या गिरणगावात सापडतो, आणि तो बारा वर्षं मागे जातो. २२ जुलै १९०८ ला टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्या बंद पडू लागल्या. संप सहा दिवस चालला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. लष्कराने गोळ्या झाडल्या, कामगार मेले. या संपाची दखल लेनिननेही घेतली. हे कामगार कोण होते? बहुतेक कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेले, बायकामुलं गावी ठेवून चाळीत दाटीवाटीने राहणारे. टिळकांचं चरित्र सांगताना या माणसांना एका ओळीत उरकलं जातं, याची मला खंत वाटते.

त्याच वाटेने अण्णा भाऊ लहानपणीच आई-वडिलांसोबत वाटेगावहून मुंबईला पायी आले. गिरणीत राबले, लाल बावट्याखाली शाहीर झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड गाजली. तिच्यातला गडी पोटासाठी मुंबईत आलेला आहे आणि त्याची बायको गावी राहिली आहे. १९०८ च्या संपकऱ्यांच्या घरी तेच तर होतं.