तुवालू

दक्षिण पॅसिफिक महासागरातील पॉलिनीशियन द्वीपराष्ट्र. विषुववृत्ताच्या थोडे दक्षिणेस, हवाई बेटे आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर. क्षेत्रफळ अवघे २६ चौ. किमी., लोकसंख्या सुमारे ११ हजार, राजधानी फुनाफुटी. पूर्वीचे नाव एलिस बेटे. गिल्बर्ट (आताचे किरिबाटी) आणि एलिस मिळून ब्रिटिशांची एक वसाहत होती. १९७४ च्या सार्वमतानंतर एलिस बेटे वेगळी झाली आणि १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाले. मासेमारीचे परवाने, परदेशी मदत, खलाशांनी घरी पाठवलेले पैसे आणि ‘डॉट टीव्ही’ या इंटरनेट पत्त्याचे भाडे यांवर देश चालतो.

देशात नऊ बेटे असून बहुतेक कंकणद्वीपे आहेत, म्हणजे मधल्या उथळ खारकच्छाभोवती (बेटांनी वेढलेल्या खाऱ्या पाण्याच्या तळ्याभोवती) कड्यासारखी पसरलेली प्रवाळभित्ती आणि तिच्यावर साठलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्या. आपल्याकडील लक्षद्वीपाची बेटे याच जातीची. अशी कडी तयार कशी होतात, याचे उत्तर डार्विनने १८४२ मध्ये दिले: ज्वालामुखी हळूहळू खचतो आणि त्याच्या कडेचे प्रवाळ वर वर वाढत राहते. ते पडताळण्यासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुटीवरच वेधनछिद्रे (जमिनीत खोलवर पाडलेली छिद्रे) घेतली. सुमारे ३४० मीटरपर्यंत गेल्यावरही प्रवाळी चुनखडकच लागत होता, ज्वालामुखीचा खडक काही हाती लागला नाही. तो सापडला १९५२ मध्ये, मार्शल बेटांतील एनेवेटाक येथे, १,२०० मीटरहून अधिक खोलीवर.

पायाखालची जमीन म्हणजे मेलेले प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्मजीवांची कवचे यांचा चुरा. डोंगर नाही, नदी नाही. सर्वांत उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास, तीही निउलाकिटा या टोकाच्या छोट्या बेटावर. निम्म्याहून अधिक लोक राहतात त्या फुनाफुटीतील फोंगाफाले बेटाची रुंदी काही ठिकाणी जेमतेम २० मीटर आहे, तर जास्तीत जास्त ४०० मीटर. त्यातही मोठा तुकडा धावपट्टीने व्यापला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती बांधली आणि भरावासाठी बेटावरच खड्डे खणले. ते सत्तर वर्षे तसेच राहिले. त्यांत खारे पाणी व कचरा साठत गेला. अखेर २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या मदतीने ते बुजवण्यात आले. विमान नसते तेव्हा धावपट्टीवर संध्याकाळी पोरे फुटबॉल खेळतात, कारण दुसरे मैदान आणायचे कुठून?

तुवालू ‘बुडत चाललेला देश’ म्हणून जगाला ठाऊक आहे. हे चित्र अगदी खोटे नसले तरी फसवे आहे. ऑकलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९७१ ते २०१४ या काळातील हवाई व उपग्रह छायाचित्रांवरून तुवालूची १०१ लहानमोठी बेटे मोजली. समुद्र जागतिक सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने चढत असतानाही सुमारे तीन चतुर्थांश बेटे वाढली होती आणि देशाचे एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढले होते. लाटा एकीकडची वाळू काढून दुसरीकडे टाकतात. ऑक्टोबर १९७२ मधील बेबे चक्रीवादळाने फुनाफुटीवरील जवळपास सगळी घरे पाडली, आणि त्याच वादळाने प्रवाळाच्या राड्याचा सुमारे १९ किमी. लांबीचा बांध भित्तीवर आणून टाकला.

क्षेत्रफळ वाढले म्हणजे बेट राहण्याजोगे राहिले असे मात्र नाही. वाढते ती रुंदी, उंची फारशी नाही. आणि खरा घाव पाण्यावर बसतो. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर पातळ थराने तरंगते. त्या थरापर्यंत खड्डा खणून, पालापाचोळ्याचे खत घालून पुलाका हा अळूच्या कुळातला कंद पिकवण्याची इथली जुनी रीत आहे. फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या उधाणात समुद्र काठ ओलांडून येतोच, शिवाय सच्छिद्र प्रवाळातून जमिनीखालूनही वर येतो. फुनाफुटीत रस्त्याच्या आणि धावपट्टीच्या कडेला पाणी बुडबुडत वर येताना दिसते. समुद्रभिंत कितीही मजबूत बांधली तरी या पाण्याला ती अडवू शकत नाही. खड्ड्यांना एकदा खार लागली की कंद कुजतात. पिण्यासाठी लोक छपरावरच्या पावसाच्या पाण्यावर अवलंबून असतात. २०११ मध्ये पाऊस लांबला तेव्हा आणीबाणी जाहीर करून खारे पाणी गोडे करणारी यंत्रे विमानाने आणावी लागली होती. नासाच्या २०२३ च्या मूल्यमापनानुसार इथली समुद्रपातळी तीस वर्षांत सुमारे १५ सेंमी. वाढली असून, २०५० पर्यंत बरीचशी जमीन नेहमीच्या भरतीच्या पातळीखाली जाईल.

उपाय दोन दिशांनी चालले आहेत. एक, भराव. हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीच्या मदतीने फुनाफुटीच्या खारकच्छात सात हेक्टरांहून अधिक उंच जमीन तयार झाली आहे. दुसरा, कायदा. मंत्री सायमन कोफे यांनी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेसाठी गुडघाभर पाण्यात उभे राहून केलेले भाषण गाजले. त्याहून महत्त्वाची, पण कमी चर्चिली गेलेली गोष्ट म्हणजे २०२३ ची घटनादुरुस्ती: भूभाग गेला तरी तुवालूचे राज्यत्व कायम राहील, असे तिने ठरवले. त्यामागे भावनेइतकाच व्यवहार आहे. २६ चौ. किमी. जमिनीच्या आधारावर देशाला लाखो चौ. किमी. समुद्रावर हक्क मिळतो, आणि ट्यूना मासेमारीचे उत्पन्न त्याच हक्कावर उभे आहे.

स्थलांतर इथे नवे नाही. वाइटुपू बेटावरच्या लोकांनी १९४० च्या दशकातच फिजीतील किओआ हे बेट विकत घेऊन तिथे वस्ती केली. तेव्हाचे कारण गर्दी हे होते. ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेला फालेपिली करार २८ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना सोडत काढून तिथे कायम राहण्याचा हक्क मिळतो. त्या बदल्यात इतर देशांशी सुरक्षाविषयक करार करताना तुवालूला ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागते, आणि या अटीवर देशात टीकाही झाली. २०२५ च्या पहिल्या सोडतीत पहिल्या चारच दिवसांत देशातील सुमारे एक तृतीयांश लोकांची नावे अर्जांत आली.