एक्मो आणि उजव्या हाताचं बोट

एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून परत आत सोडणारं यंत्र. त्यावरच्या रुग्णाच्या उजव्या हाताच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावलेला असतो. डाव्या हाताला नव्हे, पायाला तर नव्हेच. असं का, हे रुग्णाच्या घरच्यांनाही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

हृदय थकलं की मांडीच्या शिरेतून एक लांब नळी थेट हृदयाजवळ नेतात आणि रक्त बाहेर ओढतात. खाटेशेजारी दोन नळ्या दिसतात: एकीतलं रक्त पिकल्या जांभळासारखं, तर कृत्रिम फुप्फुसातून परतणाऱ्या दुसरीतलं कुंकवासारखं लाल. मिनिटाला चार-पाच लिटर. हे लाल रक्त मांडीच्या धमनीतून आत सोडतात. म्हणजे महाधमनीत ते उलटं, पोटाकडून छातीकडे चढतं.

तिथे त्याची गाठ पडते हृदयाने फेकलेल्या रक्ताशी. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, अगदी तशी. हृदय जवळजवळ निपचित असेल, तर हा संगम हृदयाच्या दाराशीच होतो आणि लाल रक्त सगळीकडे पोचतं. पण हृदय सावरू लागलं की ते जोर लावून संगम खाली ढकलतं. एरवी ही आनंदाचीच बातमी. फुप्फुसं मात्र अजून न्यूमोनियाने किंवा पाण्याने भरलेली असतील, तर हृदय जे फेकतं ते काळपट, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. सुधारणाऱ्या हृदयामुळेच धोका उभा राहतो!

महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात हृदयाच्या स्वतःच्या धमन्या. मग उजवा हात आणि मेंदूची उजवी बाजू यांची एकत्र शाखा, मग मेंदूची डावी बाजू, शेवटी डावा हात. म्हणजे पाय गुलाबी असतात, डावा हातही कदाचित ठीक असतो, आणि हृदय-मेंदू गुदमरत असतात. मेंदूची खबर उजवा हातच सर्वांत प्रामाणिकपणे देतो. म्हणून तपासणीचं रक्तही उजव्या मनगटातून घेतात, कपाळावर पट्ट्या लावून मेंदूतला ऑक्सिजन पाहतात.

१९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने हृदयाची यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा २६ मिनिटं सगळं काम यंत्राकडेच होतं. एक्मो दिवसेंदिवस चालतं आणि मधल्या काळात हृदय जागं होतं, तिथे ही अडचण येते.

मग यंत्राचा प्रवाह वाढवावा? संगम वर सरकतो खरा, पण हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त फेकावं लागतं. ते फुगतं, फुप्फुसांत आणखी पाणी साचतं. त्यापेक्षा आधी व्हेंटिलेटर नीट बसवून पाहतात. हृदय पुरेसं सावरलं असेल, तर फक्त फुप्फुसांना आधार देणारी जोडणी करतात. अजून सावरलं नसेल, तर तिसरी नळी मानेच्या शिरेत घालून थोडं लाल रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला सोडतात. आजारी फुप्फुसांतून ते लालच राहून पुढे जातं आणि हृदय तेच मेंदूकडे फेकतं. उजव्या बोटावरचा आकडा मग वर चढू लागतो.