ग्रंथपाल ब्लॉग का लिहायला लागले? थोडी मागची गोष्ट

कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत जा, दाराजवळ एक फलक असतो, नवीन पुस्तकांची जॅकेटं आणि पेपरातली कात्रणं टाचण्यांनी लावलेली. ग्रंथपालाचा ब्लॉग म्हणजे मुळात तोच फलक, फक्त टाचण्या नाहीत. हे आधीच सांगते कारण आपल्या पेशात बऱ्याच जणांना वाटतं की ब्लॉग, फेसबुक वगैरे बाहेरून येऊन लायब्ररीला चिकटलंय.

बडोद्याचंच घ्या ना. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं, त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं, प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले, आणि १९१२ मध्ये तिथून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचं त्रैमासिक निघायला लागलं, ज्यात इंग्रजीसोबत गुजराती आणि मराठी मजकूरही असायचा. म्हणजे पेशातल्या लोकांनी एकमेकांसाठी मराठीत लिहायची सोय शंभर वर्षांपूर्वी होती! मग १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे ग्रंथालयांसाठीचे पाच नियम आले, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. कात्रणांची फाइल काय किंवा लिंकांची यादी काय, दोन्ही त्याच नियमाची लेकरं.

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ च्या डिसेंबरात आणला, आणि तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की वेबवर फिरताना जे सापडलं ते नोंदवून ठेवणं. हे तर आमचं रोजचं काम! त्यामुळे १९९९ मध्ये ब्लॉग लिहायचं 'ब्लॉगर' हे साधन फुकटात मिळायला लागलं त्याच वर्षी अमेरिकेत जेसामिन वेस्ट यांचं 'लायब्रेरियन डॉट नेट' आणि ब्लेक कार्व्हर यांचं 'एलआयएसन्यूज' सुरू झालं यात नवल काही नाही. २००१ मध्ये तिथे पॅट्रियट हा दहशतवादविरोधी कायदा आला, कोण काय वाचतं याच्या नोंदी एफबीआय ही तिथली तपास यंत्रणा मागू शकणार आणि मागितल्या तर लायब्ररीने कुणाला सांगायचंही नाही. वेस्टबाईंनी यावर पाट्या तयार केल्या, त्यातली एक साधारण अशी की 'एफबीआय इथे आलेली नाही, ही पाटी निघते का यावर लक्ष ठेवा'. पुणेरी पाटीवाल्यांनीही हात जोडावेत अशी. अशी पाटी पेशाच्या अधिकृत मासिकात कुणी आधी छापली असती असं मला तरी वाटत नाही.

सगळ्यांना हे रुचलं असंही नाही. मायकल गोर्मन, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचे तेव्हाचे नियोजित अध्यक्ष, त्यांनी २००५ मध्ये 'लायब्ररी जर्नल'मध्ये ब्लॉगवाल्यांची चांगलीच खरडपट्टी काढली, का तर त्यांच्या गुगलविरोधी लेखावर ब्लॉगवाले आधी तुटून पडले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्याच शार्लटच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या गोष्टींचा कार्यक्रम आखला, ब्लॉग उघडा, फोटो टाका, फीड (ब्लॉगवरचं नवीन लिखाण आपोआप आणून देणारी यादी) वाचा, पूर्ण केलं की एमपी३ प्लेअर बक्षीस, आणि ती कल्पना मग देशोदेशीच्या लायब्रऱ्यांनी उचलली.

आपल्याकडे अडचण वेगळीच होती, आधी टायपिंगची. ऑफिसातल्या मशीनवरचा मराठी फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच अक्षरं दाखवणाऱ्या पद्धतीचा, नसायचा, त्यात टाइप केलेली सूचना वेबवर टाकली की नुसती अगम्य अक्षरं. युनिकोड रुळल्यावर मग कॉलेजांच्या लायब्रऱ्यांचे ब्लॉग निघाले. खरं सांगायचं तर बरेचसे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून, पण काही मनापासून चालवलेलेही होते, जुन्या प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, सेट-नेटचं साहित्य सगळं एका जागी.

मग १ जुलै २०१३ ला फीड वाचायचं गुगल रीडर बंद झालं, एका जागी बसून सगळे ब्लॉग वाचायची बऱ्याच जणांची सवय मोडली आणि गप्पा फेसबुकवर, तिथून व्हॉट्सॲपवर गेल्या. पोहोच वाढली यात वादच नाही, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो दुपारपर्यंत फोन भरून टाकतात. पण सापडत काही नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० मध्ये सगळी सार्वजनिक ट्विट्स जपायचं ठरवलं होतं, २०१८ पासून त्यांनीही निवडकच ठेवायला घेतली, मग आमची काय कथा. ज्यांचा पेशाच ठेवलेलं पुन्हा सापडावं यासाठी आहे ती माणसं दर जूनमध्ये ग्रुपवर विचारतात, 'सर, तो जीआर कुणाकडे आहे का?' चार जण अंगठा देतात, आणि तासाभराने कुणीतरी एका जुन्या ब्लॉगची लिंक टाकतं, कित्येक वर्षांत काही नवीन न टाकलेल्या, आणि पीडीएफ तिथे असते.